सोबतीच्या पिकांची खात्रीची माहिती कशी शोधायची? भाजीबाग नव्याने लावणाऱ्यांसाठी

भाजीबाग सुरू केली की थोड्याच दिवसांत कुणीतरी तुम्हाला जोड्यांचा तक्ता पाठवतं. गाजराशेजारी कांदा लावा, टोमॅटोशेजारी झेंडू लावा, वाटाण्याजवळ लसूण नको, बडीशेप सगळ्यांपासून लांब ठेवा. दुसरा तक्ता उघडला की पहिल्यातली एखादी उत्तम जोडी तिथे चक्क वर्ज्य ठरवलेली असते. नवीन माणूस इथेच गोंधळतो. मग तो एकतर सगळं मानतो, नाहीतर सगळंच सोडून देतो. दोन्हीत नुकसान आहे, कारण सोबतीच्या लागवडीतल्या काही गोष्टी खरोखर काम करतात आणि त्यांच्यामागे भक्कम अभ्यासही आहे.

असे पुष्कळ तक्ते चाळल्यावर माझी एक चाळणी तयार झाली: ही जोडी नेमकी कशामुळे काम करते? ज्या माहितीत याचं उत्तर असतं, ती वापरता येते. ज्या माहितीत नुसतं 'मैत्री' किंवा 'वैर' लिहिलेलं असतं, तिच्यावर वाफा अडकवू नका. पुढच्या पायऱ्या याच चाळणीच्या आहेत.

हाताशी काय असावं

- वाफ्यांचा साधा आराखडा: ऊन कुठून येतं, पाणी कुठे साचतं, गेल्या हंगामात कुठे काय होतं
- एक वही, फक्त बागेसाठी
- दहापट मोठं दाखवणारं भिंग
- स्वयंपाकघरातला वजनकाटा
- बियांची रिकामी पाकिटं. फेकू नका, वाणाचं नाव त्यांच्यावरच असतं
- पांढरी माशी किंवा मावा असेल तर दोनचार पिवळे चिकट सापळे, संख्या मोजण्यापुरते

## १. आधी तुमची अडचण एका वाक्यात लिहा

'टोमॅटोसोबत काय लावू?' हा प्रश्न इतका मोकळा आहे की त्याला कोणतंही उत्तर चालतं. त्याऐवजी असं लिहा: 'टोमॅटोच्या पानांखाली पांढरी माशी होते.' 'कोबीला अळी जाळी करते.' 'वाफ्यात दुपारी जमीन तापून तडकते.' 'दुधीला फुलं येतात, फळ धरत नाही.' अडचण ठरली की शोधायची गोष्टही ठरते. दुधीला परागीकरण करणारे कीटक हवे आहेत, तडकणाऱ्या जमिनीला झाकण हवं आहे, कोबीला सापळा पीक, म्हणजे किडीला स्वतःकडे ओढून घेणारं पीक हवं आहे. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एका तक्त्यात मावत नाहीत.

अडचण ओळखतानाही जरा जवळून बघा. एक उदाहरण देते. झाड खुरटलं म्हणून उपटलं आणि मुळांवर गाठी दिसल्या. झाड चवळी किंवा घेवड्याचं असेल तर त्या गाठी चांगल्याही असू शकतात. मूळ पाण्यात हलक्या हाताने धुवा. नत्र धरून ठेवणाऱ्या जिवाणूंच्या गाठी मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात, बोटाने चोळल्या की सुटून येतात, आणि कापल्या तर आतून गुलाबी दिसतात. सूत्रकृमींनी, म्हणजे मातीतल्या धाग्यासारख्या अतिसूक्ष्म कृमींनी केलेल्या गाठी म्हणजे मूळच जागोजाग सुजलेलं असतं, त्या सुटत नाहीत. टोमॅटो, वांगी, भेंडीच्या मुळांवर गाठी दिसल्या तर मात्र सूत्रकृमींचाच संशय आधी घ्यावा. ही खात्री न करता 'मुळांच्या गाठींवर उपाय' शोधत बसलात तर भलतंच पीक लावाल.

## २. वनस्पतीचं पूर्ण नाव मिळवा

सोबतीच्या लागवडीत सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. 'तुळस' म्हणून ज्या वनस्पतीची टोमॅटोशी जोडी सांगितली जाते ती ऑसिमम बॅसिलिकम, म्हणजे सब्जाचं बी देणारी. आपण ज्या रोपाला तुळस म्हणतो ते ऑसिमम टेन्युइफ्लोरम. झेंडूचंही तसंच. उंच, मोठ्या फुलांचा झेंडू म्हणजे टॅजेटिस इरेक्टा, बुटका आणि बहुधा तांबूस-पिवळ्या फुलांचा म्हणजे टॅजेटिस पॅट्युला. कॅलेंड्युला दिसायला जवळचा वाटतो, पण तो वेगळ्याच वंशातला आहे आणि झेंडूवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष त्याला लागू पडत नाहीत.

एखादा लेख शास्त्रीय नाव देत नसेल तर तो लगेच चुकीचा ठरत नाही. पण तुम्ही काय विकत घ्यायचं हे त्यावरून कळत नाही, एवढं नक्की.

## ३. हा सल्ला आला कुठून, ते बघा

जोड्यांच्या सल्ल्यांची मुळं साधारण तीन ठिकाणी सापडतात.

पहिलं मूळ पिढ्यान् पिढ्यांच्या शेतीचं. उत्तर अमेरिकेतल्या हौडेनोसौनी आणि इतर मूलनिवासी समाजांची मका, घेवडा आणि भोपळा ही तिघींची लागवड हे त्याचं ठळक उदाहरण. मक्याचं ताट वेलीला आधार देतं, घेवडा नत्र धरतो, भोपळ्याची पानं जमीन झाकतात. प्रत्येकीचं काम डोळ्यांना दिसतं. पण तक्त्यात उतरताना या पद्धतीचे तपशील गळून पडतात. मका एका लांब ओळीत न लावता चौकोनात लावावा लागतो, कारण त्याचं परागीकरण वाऱ्याने होतं. मका साधारण वीतभर उंच झाल्यावरच घेवडा पेरायचा, नाहीतर वेल मक्याला खाली ओढते. घेवडा वेलीचाच हवा, झुडपी चालत नाही. आणि ही पद्धत वाळवून साठवायच्या धान्यासाठी घडलेली आहे, सगळं शेवटी एकदम काढायचं असतं. कोवळी कणसं मधूनमधून तोडायला जाल तर भोपळ्याच्या वेलींत पाय ठेवायला जागा मिळत नाही.

दुसरं मूळ जरा अनपेक्षित आहे. ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांच्या १९२४ मधल्या शेतीविषयक व्याख्यानांतून बायोडायनॅमिक शेती सुरू झाली. त्याच परंपरेतल्या एरेनफ्रीड फायफर यांनी वनस्पतीचा रस कॉपर क्लोराइडच्या द्रावणात मिसळून वाळवायचा आणि उमटलेल्या स्फटिकांची नक्षी वाचायची, अशी पद्धत वापरली. दोन वनस्पतींचे रस एकत्र करून उमटलेल्या नक्षीवरून त्या एकमेकींना मानवतात की नाही, याचे अंदाज बांधले गेले. आज फिरणाऱ्या तक्त्यांतल्या कित्येक 'आवडी-निवडी' तिथून आलेल्या आहेत. थाळीतल्या नक्षीवरून मातीत, उन्हात, किडींच्या गर्दीत काय घडेल ते कळत नाही. म्हणून कारण न देता नुसती आवड-नावड सांगणाऱ्या तक्त्याला मी आधार मानत नाही.

तिसरं मूळ शेतातल्या प्रयोगांचं, त्याचं पुढे सविस्तर बघू.

## ४. 'कशामुळे?' याचं उत्तर यांपैकी एक तरी असलं पाहिजे

सापळा पीक. किडीला मुख्य पिकापेक्षा जास्त आवडणारं पीक जवळ लावायचं आणि तिथेच तिचा बंदोबस्त करायचा. हा दुसरा भाग विसरला तर सापळा पीक म्हणजे किडीची नर्सरी होते.

लपवणं. पुष्कळ जण म्हणतात की उग्र वासाने कीड पळते. इंग्लंडमधले कीटकशास्त्रज्ञ स्टॅन फिंच आणि रोझमेरी कॉलियर यांनी कोबीच्या मुळांवरच्या माशीवर काम करून वेगळं चित्र मांडलं. कोबीच्या वासाने माशी वाफ्यापर्यंत येते, पण उतरताना ती हिरव्या रंगाकडे बघून उतरते. अंडी घालण्याआधी ती पुन्हा पुन्हा उतरून खात्री करते. भोवती मोकळी माती असेल तर दर वेळी कोबीच सापडतो. भोवती दुसरी हिरवळ असेल तर ती मधेच भलत्या पानावर उतरते आणि निघून जाते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या तुलनेत सुगंधी झाडं बिनवासाच्या झाडांपेक्षा सरस ठरली नाहीत. त्याआधीच्या प्रयोगांत तर हिरव्या कागदाची कृत्रिम झाडंसुद्धा चालली होती. म्हणजे अशा किडीसाठी महागडं सुगंधी रोप शोधण्याची गरज नाही, योग्य उंचीची दाट हिरवळ पुरते.

मित्रकीटकांना खाद्य. सिरफिड माशीच्या अळ्या मावा खातात, पण प्रौढ माशीला मकरंद आणि पराग लागतात. बारक्या परोपजीवी गांधीलमाश्यांचंही तसंच. त्यांची तोंडं लहान असल्याने उथळ फुलं हवीत: कोथिंबीर, शेपू, बडीशेप, ॲलिसम. इथे जोडी कोणाशी यापेक्षा फूल कधी उमलतं हे महत्त्वाचं. फुलावर येण्याआधीच कोथिंबीर खुडून घेतलीत तर या कामासाठी तिचा उपयोग शून्य.

जमिनीतलं काम. शेंगवर्गीय पिकं नत्र धरतात हे खरं, पण ती जिवंत असताना शेजाऱ्याला त्यातलं थोडंच मिळतं. बहुतेक नत्र मुळं आणि पाला कुजल्यावर मोकळं होतं. त्यामुळे घेवड्याचा खरा फायदा पुढच्या पिकाला होतो. शेंगा काढून झाल्यावर झाड मुळासकट उपटू नका, जमिनीलगत कापा.

जागा, सावली, आधार. मुळा महिन्याभरात निघतो, कोबीला पसरायला वेळ लागतो, म्हणून एकाच वाफ्यात दोन्ही बसतात. यात गूढ काही नाही आणि नवशिक्यासाठी सगळ्यात खात्रीचा लाभ हाच आहे.

चवीचा दावा मात्र बाजूला ठेवा. अमुक शेजारी लावलं की टोमॅटोची चव वाढते, हे सांगणं सोपं आणि तपासणं फार अवघड. वाण, पाणी, ऊन आणि पिकण्याचा दिवस यांनीच चव इतकी बदलते की शेजाऱ्याचा वाटा वेगळा काढता येत नाही.

## ५. तीच जोडी, तीन कामं: झेंडू आणि टोमॅटो

हे उदाहरण मी मुद्दाम सावकाश सांगते, कारण तक्त्यातलं 'टोमॅटो + झेंडू = चांगले' हे वाक्य किती अपुरं आहे ते यात दिसतं.

*काम पहिलं, सूत्रकृमी.* झेंडूच्या मुळांत अल्फा-टरथायनिल नावाचं द्रव्य असतं, ते मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना मारक आहे. पण त्यासाठी टोमॅटो लावायच्या आधी त्या वाफ्यात झेंडू दाट लावावा लागतो, साधारण दोन महिने तरी वाढवावा लागतो आणि मग तिथेच जमिनीत गाडावा लागतो. टोमॅटोच्या मधे मधे चार झेंडू लावून हे काम होत नाही. शिवाय प्रत्येक वाण प्रत्येक जातीच्या सूत्रकृमीवर चालत नाही. बुटक्या, टॅजेटिस पॅट्युला प्रकारातल्या वाणांवर या कामासाठी जास्त भरवसा ठेवला जातो.

*काम दुसरं, पांढरी माशी.* न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये काचगृहातल्या टोमॅटोवर दाखवलं की बुटका झेंडू सोबत असला की पांढऱ्या माशीची वाढ मंदावते, आणि त्यामागे मुख्यतः लिमोनीन हे वासाचं द्रव्य आहे. इथे वासाचा खरोखर उपयोग आहे. म्हणजे लपवण्याचा नियम सगळ्या किडींना सरसकट लावता येत नाही. यातली अट अशी: झेंडू पहिल्या दिवसापासून हवा. माशी बोकाळल्यावर आणून ठेवलेला झेंडू पुरेसा पडत नाही. आणि प्रयोग काचगृहातला आहे, मोकळ्या वाऱ्यात तोच परिणाम मिळेल असं धरून चालू नका.

*काम तिसरं, फळ पोखरणारी अळी.* बंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेने उंच झेंडू सापळा पीक म्हणून वापरण्याची पद्धत बसवली: टोमॅटोच्या दर १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ, झेंडूचं रोप ४० दिवसांचं आणि टोमॅटोचं २५ दिवसांचं, एकाच दिवशी लावायचं. वयातला हा फरक कशासाठी? दोघं एकाच वेळी फुलावर यावेत आणि या अळीच्या पतंगाने झेंडूच्या कळ्या-फुलांवर अंडी घालावीत म्हणून. हे वेळापत्रक चुकलं की सापळा रिकामा राहतो.

तीन कामं, दोन वेगळे झेंडू, लावायच्या तीन वेगळ्या वेळा. तक्त्यात या सगळ्याची एकच खूण असते.

## ६. कुठे शोधायचं

कृषी विद्यापीठांची आणि त्यांच्या विस्तार विभागांची प्रकाशनं आधी बघा. ती माळ्यासाठी लिहिलेली असतात आणि मागे प्रयोगांचा आधार असतो. भाजीपाल्यासाठी वर्ल्ड व्हेजिटेबल सेंटर, बागकामासाठी ब्रिटनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी, मूळ शोधनिबंधांसाठी गुगल स्कॉलर.

शोधताना शब्द बदला. 'कम्पॅनियन प्लांटिंग' टाकलं की तक्तेच येतात. संशोधक 'इंटरक्रॉपिंग', 'ट्रॅप क्रॉप', 'लिव्हिंग मल्च' (पिकाखाली जमीन झाकणारी जिवंत हिरवळ) असे शब्द वापरतात. मराठीत आंतरपीक, सापळा पीक, मिश्रपीक. त्याला पिकाचं आणि किडीचं शास्त्रीय नाव जोडा. संपूर्ण शोधनिबंध वाचता आला नाही तरी त्याचा सारांश बहुधा मोकळा असतो आणि पुष्कळदा तेवढा पुरतो.

## ७. प्रयोग वाचताना हे प्रश्न विचारा

*प्रमाण किती होतं?* त्याच बंगळुरूच्या संस्थेने कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगासाठी मोहरीचा सापळा सुचवला, तो कोबीच्या दर २५ ओळींना मोहरीच्या दोन ओळी असा. दोन ओळी एकाच दिवशी पेरायच्या नाहीत. एक कोबीच्या साधारण १५ दिवस आधी, दुसरी २५ दिवसांनी, म्हणजे कोवळी मोहरी सतत उपलब्ध राहते. तुमच्याकडे कोबीची आठ रोपं असतील तर हे प्रमाण जसंच्या तसं उतरत नाही, पण 'सापळा आधी हवा आणि ताजा राहायला हवा' हे सूत्र उतरतं.

*दुसऱ्या ठिकाणी काय झालं?* हीच मोहरी इतर देशांतल्या प्रयोगांत दर वेळी इतकी उपयोगी पडलेली नाही. एका ठिकाणच्या एका हंगामातला निकाल म्हणजे शक्यता. अनेक ठिकाणी, अनेक वर्षं टिकलेली पद्धत वेगळ्या वजनाची. केनियात इसिपे ही कीटक संशोधन संस्था आणि इंग्लंडचं रॉथमस्टेड कृषी संशोधन केंद्र यांनी १९९०च्या दशकापासून उभी केलेली 'पुश-पुल' पद्धत अशी आहे. मक्यामधलं डेस्मोडियम हे शेंगवर्गीय पीक खोडकिड्याच्या पतंगाला परतवतं, कडेचं नेपियर गवत त्याला ओढून घेतं, आणि डेस्मोडियममुळे स्ट्रायगा हे मुळांवर जगणारं तणही दबतं.

*कीड मोजली की उत्पादन?* कोबीखाली क्लोव्हर या बुटक्या शेंगवर्गीय वनस्पतीची हिरवळ वाढवली की किडी कमी होतात, हे अनेकदा दिसलं आहे. पण क्लोव्हर पाणी आणि अन्नासाठी कोबीशी भांडतो आणि गड्डे लहान राहतात. 'किडी निम्म्या झाल्या' एवढंच वाचून खूश होऊ नका, टोपलीत काय आलं ते शोधा.

*कोणत्या टप्प्यात?* गाजराच्या माशीवर कांद्याचा परिणाम दिसतो तो कांद्याची पात जोमात वाढत असताना. कांदा पोसायला लागला की तो ओसरतो.

## ८. 'शेजारी लावू नका' ही यादी जास्त कडक तपासा

ही यादी लोकांना जास्त घाबरवते आणि तिच्यात कारणं सगळ्यात कमी असतात. पुरावा म्हणून कधी कधी 'अमुक वनस्पतीच्या अर्काने बी उगवत नाही' असं सांगतात. प्रयोगशाळेत अर्क पुरेसा दाट केला तर कितीतरी वनस्पती बी उगवू देत नाहीत. मातीत तो अर्क विरतो आणि जिवाणू त्याला मोडतात. म्हणून प्रयोग थाळीत झाला की वाफ्यात, ते विचाराच.

काही नकार मात्र पक्के आहेत आणि त्यांची कारणं साधी आहेत. टोमॅटो आणि बटाटा जवळ नको, कारण दोघांवर फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स या बुरशीसारख्या जिवामुळे होणारा तोच उशिराचा करपा येतो आणि एकाकडून दुसऱ्याकडे जातो. सूत्रकृमी असलेल्या वाफ्यात टोमॅटोनंतर वांगी किंवा भेंडी नको. रोज पाणी मागणारं आणि कोरडं राहायला हवं असणारं पीक एका सरीत नको. उंच पिकाच्या सावलीत ऊन मागणारं पीक नको.

## ९. अनुभवी माणसाला विचारताना

'चांगलं आलं का?' असं विचारलं की उत्तर नेहमी 'हो' येतं. असं विचारा: सोबतीशिवायचा वाफाही होता का? किती हंगाम? वाण कोणतं? शेणखत, पाणी, लावायची तारीख बदलली होती का? चांगला माळी या प्रश्नांनी दुखावत नाही, उलट खुलून बोलतो. आणि अशा माणसाची तारखांसकट सांगितलेली एक गोष्ट कारण नसलेल्या दहा तक्त्यांपेक्षा मोलाची असते.

## १०. एका जोडीची चाचणी तुमच्या बागेत

एका हंगामात एकच जोडी तपासा. सारखं ऊन असलेले तीन छोटे वाफे घ्या, प्रत्येकात मुख्य पिकाची निदान सहा रोपं, एकाच वाणाची, एकाच दिवशी लावलेली, सारख्याच अंतरावर. पहिल्यात नुसतं मुख्य पीक. दुसऱ्यात सोबतीचं पीक. तिसऱ्यात सोबतीच्या जागी दुसरंच कोणतंतरी साधं हिरवं रोप. हा तिसरा वाफा लोक गाळतात, पण फरक त्या खास वनस्पतीमुळे पडला की नुसत्या हिरवळीमुळे, हे त्याच्याशिवाय कळणार नाही.

आठवड्यातून एकदा, सकाळी कीटक सुस्त असताना, प्रत्येक रोपाचं एक वरचं, एक मधलं आणि एक खालचं पान हळूच उलटा. झटका दिलात तर पांढरी माशी उडून जाते आणि आकडा चुकतो. भिंगातून शिरांच्या कडेला बघा. मावा दिसला तर त्यात फुगलेले, तपकिरी, कागदासारखे कोरडे मावेही शोधा. त्यांच्या आत परोपजीवी गांधीलमाशीची अळी वाढलेली असते, पाठीवर गोल भोक दिसलं तर ती बाहेर पडून गेली. असे मावे दिसत असतील तर त्या वाफ्यावर काहीही फवारू नका, मित्रकीटक कामाला लागलेले आहेत.

वहीत तारीख, वाफा, किडींची संख्या, मित्रकीटक, पाऊस-पाणी आणि तोडणीचं वजन लिहा. सोबतीच्या पिकाचं वजनही लिहा, कारण त्याने जागा घेतलेली आहे. पुढच्या हंगामात वाफ्यांची अदलाबदल करून तेच पुन्हा करा. दोन्ही वेळा कल एकाच बाजूला गेला तर ती जोडी आराखड्यात कायम ठेवा आणि अडचणींच्या यादीतल्या पुढच्या वाक्याकडे वळा.